चार जोडांसाठी तीन हजार रुपये?

प्रश्न : नाशिकला राहतो, ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. माझा बेस स्क्वायर अफिनिटी मालिकेतला चार तारांचा जॅझ बेस आहे, तारांचं कंपन विजेत बदलणारे चुंबक-गुंडाळीचे दोन पिकअप असलेला. एकच पिकअप चालू ठेवला की घूं असा आवाज येतो आणि एकूण स्वरही दबलेला वाटतो, म्हणून नवे पिकअप घ्यायचं मनात आहे. पुण्याच्या एका टेक्निशियनने बसवायचे ३,००० रुपये सांगितले. बेस आठवडाभर ठेवून घेणार म्हणाले. मित्र म्हणतो, अर्ध्या तासाचं काम आहे, घरीच कर. मी आजवर सोल्डरिंग आयर्न हातात धरलेलं नाही. तीन आठवड्यांनी कार्यक्रम आहे. पैसे द्यावेत की स्वतः करावं?

उत्तर : स्वतः करा. पण एक अट आहे. नवे पिकअप जुन्याच मापाचे हवेत, लाकूड कोरावं लागता कामा नये. तसं असेल तर काम मोजून चार सोल्डरच्या जोडांचं आहे. प्रत्येक पिकअपची एक सिग्नलची (आवाज नेणारी) तार आणि एक ग्राउंडची (परतीची); चार सोडवायचे, चार लावायचे. तेवढ्यासाठी तीन हजार देऊ नका. मित्राचा अर्धा तासही धरून चालू नका. पहिल्यांदा करणाऱ्याला अख्खी दुपार लागते आणि त्यातलं सोल्डरिंग जेमतेम वीस मिनिटांचं असतं. बाकी सगळा वेळ मोजण्यात आणि तपासण्यात जातो. काम बिघडतं ते बहुधा हेच टाळल्यामुळे.

पिकअप अजून विकत घेतले नसतील तर मात्र थोडं थांबा. तुमच्या तक्रारी दोन आहेत आणि दोन्हींचं मूळ पिकअपमध्येच असेल असं नाही.

आधी ती घूं. "एकच पिकअप चालू ठेवला की" असं तुम्ही लिहिलंय, त्यातच अर्धं निदान आलं. जॅझ बेसचे दोन्ही पिकअप एकेरी गुंडाळीचे असतात, पण एकमेकांच्या उलट. एकाची गुंडाळी उलटी आणि चुंबकही उलटा. त्यामुळे दोन्ही पिकअपचे व्हॉल्यूम पूर्ण उघडले की तारांचा सूर एकमेकांत मिळतो आणि बाहेरून शिरलेली घूं मात्र कटते. एक व्हॉल्यूम खाली आणला की ती परत येते. हा तुमच्या बेसमधला दोष नाही, एकेरी गुंडाळीचा स्वभाव आहे. कितीही भारी किमतीचे साधे एकेरी पिकअप आणले तरी घूं तशीच राहील. ती घालवायची असेल तर त्याच आकाराच्या खोक्यात दोन गुंडाळ्या असलेले, घूं मारणारे पिकअप घ्यावे लागतील. दिमार्झिओ कंपनीचा मॉडेल जे हा त्यातला जुना, खात्रीचा नग.

आता घरच्या घरी एक चाचणी करा. एकच पिकअप चालू ठेवून अँपसमोर उभे राहा आणि बेस अंगावर असतानाच हळूहळू स्वतःभोवती फिरा. एखाद्या दिशेला घूं जवळजवळ नाहीशी होत असेल, तर ती ट्रान्सफॉर्मरसारख्या वस्तूंच्या चुंबकीय क्षेत्रातून येते आहे. मग तारांवर हात ठेवून बघा. हात ठेवताच आवाज कमी होत असेल आणि तो घूंपेक्षा किरकिरीसारखा असेल, तर ते ट्यूबलाइट, डिमर, मोबाइल चार्जर यांचं काम. या दुसऱ्या प्रकाराला आतल्या पोकळीत तांब्याची चिकटपट्टी लावून आवर घालता येतो, त्यासाठी पिकअप बदलावे लागत नाहीत. पहिल्या प्रकाराला मात्र तांब्याची पट्टी काही करत नाही. पट्टी लावूनही घूं गेली नाही अशी तक्रार करणाऱ्यांची गल्लत बहुतेक वेळा इथेच झालेली असते.

घरातलं अर्थिंगही बघून घ्या. पिनेला तीन काड्या असल्या म्हणून भिंतीतल्या सॉकेटमागे अर्थची वायर असतेच असं नाही. वायरमनकडून फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ असे दोन्ही व्होल्टेज मोजून घ्या. पहिलं २३०च्या आसपास आणि दुसरं जेमतेम दोन-चार व्होल्ट असायला हवं. हे घूंपेक्षाही महत्त्वाचं आहे. बेसच्या तारा ब्रिजमधून (तारांची खालची टोकं अडकवलेली असतात त्या धातूच्या भागातून) अँपच्या अर्थला जोडलेल्या असतात. मंडपात अँपला धड अर्थिंग नसेल आणि तुम्ही एक हात तारांवर ठेवून माइकला ओठ लावलेत, तर झटका बसतो. गाणाऱ्या बेसवादकांना हे नवीन नाही. त्यावर इलाज म्हणून कोणी ब्रिजची ग्राउंड वायर काढून टाका असं सांगितलं, तर ऐकू नका. मंडपवाल्याला अर्थिंग दुरुस्त करायला लावा.

दबलेल्या स्वराचं पहिलं कारण बहुधा जुन्या तारा असतं. सहा महिने घामात वाजवलेल्या राउंडवाउंड (वरून गोल तार गुंडाळलेल्या) तारांची चकाकी कुठल्याच पिकअपने परत येत नाही. आधी ४५-१०५ जाडीच्या तारांचा नवा संच चढवा, मग पिकअपची उंची लावा. प्रत्येक बाहेरची तार शेवटच्या पडद्यावर (फ्रेटवर) दाबा आणि तारेच्या खालच्या कडेपासून पिकअपच्या खांबापर्यंतचं (वर दिसणाऱ्या धातूच्या गोल टोकापर्यंतचं) अंतर मोजा. खर्जाच्या बाजूला २.८ मिमी आणि पातळ तारेच्या बाजूला २ मिमी इथून सुरुवात करा. पिकअप फार वर आला तर चुंबक तार ओढतो, वरच्या पडद्यांवरचे स्वर डळमळतात आणि एकाच वेळी दोन सूर लागल्यासारखं ऐकू येतं. फार खाली गेला तर तुम्ही म्हणता तसाच मलूल आवाज येतो. या दोन गोष्टींवर तुमचं समाधान झालं, तर पिकअपचे पैसे वाचले. नाही झालं, तर पुढचं वाचा.

आता मापं. जॅझ बेसचे दोन पिकअप दिसतात सारखे, पण सहसा मापाला सारखे नसतात. मानेकडचा सुमारे ९२ मिमी आणि ब्रिजकडचा सुमारे ९५ मिमी लांब. ही झाली मूळ पद्धत. स्वस्त बेसमध्ये कधी दोन्ही एकाच मापाचे येतात, आणि मग नेहमीचा संच मागवला की त्यातला एक तरी बसत नाही. तीन मिलिमीटरसाठी लोक लाकूड खरवडायला बसतात आणि कडेचा रंग उडवून ठेवतात. म्हणून ऑर्डर देण्याआधी तारा सैल करून दोन्ही पिकअप उचला आणि झाकणाची लांबी, रुंदी मोजा. पोकळीची खोलीही मोजायला विसरू नका, कारण घूं मारणारे काही पिकअप साध्यांपेक्षा उंच असतात. तारांमधलं अंतरही बघा. प्रत्येक तार आपल्या दोन खांबांच्या बरोबर मधून जायला हवी.

पॉट, म्हणजे व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालचे फिरते रोधक, बदलायच्या फंदात या वेळी पडू नका. पॅसिव्ह (बॅटरी नसलेल्या) जॅझ बेसला २५० किलोओहमचे तीन पॉट आणि टोनवर ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ही नेहमीची जोडणी, तीच नव्या पॅसिव्ह पिकअपलाही चालते. स्वस्त बेसवर पॉट छोटे असतात. मोठे आणले तर पत्र्याचं भोक पुरत नाही आणि जुने नॉबही नव्या दांड्यावर बसत नाहीत. पॉट खरखरत असेल तर आधी कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून पाचपन्नास वेळा फिरवा.

सामान हजार रुपयांच्या आसपास येतं. पिवळा डीटी ८३० मल्टिमीटर, ६०/४० ची राळ भरलेली सोल्डर वायर १ मिमीची, ४० ते ६० वॅटचं आयर्न चपट्या टोकाचं, थोडा सँडपेपर आणि सोल्डर शोषून घेणारी जाळीची पट्टी. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ, मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सगळं एका फेरीत मिळतं. दुकानदार २५ वॅटचं आयर्न पुढे करेल. बारीक तारांना ते पुरतं, पण पॉटच्या पाठीचा पत्रा उष्णता ओढून घेतो आणि २५ वॅट तिथे दम टाकतं. मग माणूस दहा-पंधरा सेकंद टेकवून बसतो आणि आतली कार्बनची पट्टी भाजून निघते. जास्त वॅटचं आयर्न तीन-चार सेकंदांत काम उरकतं, म्हणून पॉटला तेच जास्त सुरक्षित. डबीत मिळणारं आम्लाचं फ्लक्स मात्र घेऊ नका. त्याने जोड काही महिन्यांत हिरवे पडतात.

बेसला हात लावण्याआधी एखाद्या बंद पडलेल्या रेडिओवर किंवा जुन्या पॉटवर निदान वीस जोड करा. पत्रा सँडपेपरने चमकेपर्यंत घासा. आयर्नच्या टोकाला किंचित सोल्डर लावून ते पत्र्यावर टेकवा आणि सोल्डर वायर टोकाला न लावता तापलेल्या पत्र्याला लावा. नीट तापला असेल तर सोल्डर एकदम ओल्यासारखं पसरतं आणि कडेला पातळ होत जातं. मग त्यात तार बुडवा, आयर्न काढा आणि दोन सेकंद हात अजिबात हलवू नका. थंड झालेला जोड गुळगुळीत आणि चमकदार दिसला पाहिजे. मण्यासारखा गोल, कडा उचललेला किंवा राखाडी, दाणेदार दिसला तर तो कच्चा आहे. आज वाजेल, पण कार्यक्रमात अँपच्या हादऱ्याने सुटेल. विसातले शेवटचे पाच सलग चांगले आले की बेस उघडा.

उघडल्यावर पहिलं काम फोटो काढायचं. प्रत्येक पॉट, जॅक (केबल खोचायची जागा), ब्रिजहून आलेली वायर, सगळ्याचे जवळून फोटो घ्या. मग केबल लावून तिच्या दुसऱ्या टोकाच्या पिनवर मीटर धरा, टोक आणि दांडा यांच्यामध्ये. दोन्ही व्हॉल्यूम शून्यावर असताना सुमारे १२५ किलोओहम दिसायला हवेत, म्हणून मीटर २०० किलोओहमवर ठेवा. एक व्हॉल्यूम पूर्ण उघडला की, पिकअप साडेसात किलोओहमचा धरला तर, सातच्या आसपास, आणि दोन्ही उघडले की साडेतीनच्या जरा वर. हे आकडे कागदावर लिहून ठेवा. नवे पिकअप लावल्यावर हेच मोजायचे आहेत. जोडणी बरोबर झाली की नाही ते अँप लावण्याआधीच कळतं.

नव्या पिकअपच्या रंगांबाबत सावध राहा. ज्या पिकअपमधून चार वायरी बाहेर येतात, त्यात दिमार्झिओचा लाल सिग्नलचा, हिरवा ग्राउंडचा, आणि काळा-पांढरा एकमेकांना जोडून टेप लावायचा. सीमोर डंकनमध्ये काळा सिग्नलचा, लाल आणि पांढरा एकत्र, हिरवा ग्राउंडला. म्हणजे एकाचा लाल आणि दुसऱ्याचा लाल यांचा काहीही संबंध नाही. पिकअपसोबत आलेला कागदच प्रमाण माना.

दोन्ही पिकअप एकाच संचातले नसतील, किंवा तुम्ही एकच बदलणार असाल, तर जोडण्याआधी दिशा तपासा. मीटर २० किलोओहमवर, लाल काडी सिग्नलला, काळी ग्राउंडला. स्क्रूड्रायव्हर खांबांवर टेकवा आणि झटकन उचला. उचलताना आकडा वर उडी मारतो की खाली, हे दोन्ही पिकअपसाठी बघा. दिशा वेगळ्या आल्या तर दोन्ही एकत्र वाजवताना खर्ज गळून जातो आणि नाकात बोलल्यासारखा पोकळ आवाज येतो. तसं असेल तर एका पिकअपच्या सिग्नल आणि ग्राउंडच्या तारा अदलाबदल करा. वरचं उघडं जाळीदार आवरण मात्र ग्राउंडलाच राहू द्या.

तारा पोकळीतून ओवणं हे सगळ्यात वेळखाऊ काम, त्याची युक्ती सोपी आहे. मानेकडच्या पिकअपची तार बहुतेक वेळा ब्रिजच्या पिकअपखालून कंट्रोलच्या पोकळीत जाते. जुनी तार सोडवल्यावर तिच्या टोकाला जाड दोरा बांधा आणि मगच पिकअप ओढून काढा. दोरा आत राहतो. त्याला नवी तार बांधा आणि लेंग्यात नाडी ओवतात तशी पलीकडून ओढून घ्या. पिकअप कधीही तारेला धरून उचलू नका. आतली गुंडाळी जेमतेम ०.०६ मिमीच्या, केसासारख्या तारेची असते. बाहेरच्या तारेला हिसका बसला की ती मुळाशी तुटते आणि मग पिकअप पुन्हा गुंडाळून घेण्यावाचून गत्यंतर नाही.

सोल्डर करताना बेसचा दर्शनी भाग जुन्या टॉवेलने आणि पुठ्ठ्याने झाका. सोल्डरचा एक थेंब रंगावर पडला की कायमचा डाग पडतो. जाळीची पट्टी जुन्या जोडावर ठेवून वरून आयर्न दाबा, सोल्डर ती शोषून घेईल. जुन्या पिकअपच्या तारा कापू नका, सोडवून काढा. पुढेमागे परत लावायच्या झाल्या तर लांबी पुरेल. नव्या तारा फोटोत होत्या त्याच, पॉटच्या पायांवर लावा. जॅझ बेसमध्ये पिकअपची सिग्नल वायर व्हॉल्यूमच्या मधल्या पायाला आणि बाहेर जाणारी कडेच्या पायाला असते. ही जोडी उलटली की एक व्हॉल्यूम शून्यावर नेताच दोन्ही पिकअप मुके होतात. "नवे पिकअप खराब निघाले" अशी तक्रार येते तेव्हा पहिल्यांदा हे बघावं.

आता कागदावरचे आकडे परत मोजा. शून्यावर १२५ला फार मोठा फरक पडला, म्हणजे काहीतरी चुकीच्या पायावर लागलंय. एकच पिकअप उघडल्यावरही १२५च दिसले तर त्याची वायर कुठेतरी सुटलेली आहे. कुठेही शून्य दिसलं तर सिग्नल ग्राउंडला टेकतोय. तांब्याची पट्टी लावली असेल तर झाकण बसवल्यावर जॅकचं पातं तिला टेकतंय का ते बघा. उघडं असताना सगळं छान आणि झाकण लावलं की आवाज गुल, याचं कारण हमखास तेच. तिथे इन्सुलेशन टेपचा तुकडा लावा. मीटरची एक काडी ब्रिजवर, दुसरी जॅकच्या ग्राउंडवर ठेवूनही बघा. जवळपास शून्य ओहम यायला हवेत. मग अँप हळू आवाजात लावून स्क्रूड्रायव्हरने खांबांवर टकटक करा आणि दोन्हीकडून टक ऐकू आल्यावरच स्क्रू आवळा. भोक मोठं होऊन स्क्रू फिरत असेल तर आगपेटीच्या काडीची चीर फेव्हिकॉलमध्ये बुडवून भोकात घाला, रात्रभर वाळू द्या.

टेक्निशियनकडे कधी जावं, तेही सांगतो. पिकअपचा आकार वेगळा असेल आणि लाकूड कोरावं लागत असेल, तर घरी ड्रिल मुळीच हातात घेऊ नका. प्रीअँप (बेसच्या आतच सिग्नल वाढवणारं सर्किट) आणि नऊ व्होल्टची बॅटरी बसवायची असेल तरी पहिल्याच प्रयत्नात नको. ईएमजी कंपनीसारखे अ‍ॅक्टिव्ह (बॅटरीवर चालणारे) पिकअप सोल्डरशिवाय कनेक्टरने जोडता येतात खरे, पण त्यांना पॉट २५ किलोओहमचे लागतात, जॅक स्टिरिओ लागतो आणि ब्रिजची ग्राउंड वायर त्यांच्या जोडणीत नसते. तिथे जुनं काही कामाचं राहत नाही. बेस कोणाच्या वडिलांचा, जुना आणि मूळ जोडांसकट असेल, तर त्याला हौशी हात लागू नयेत. सिग्नल येतोय-जातोय आणि मीटरवर कारण सापडत नाही, अशा वेळी दोन तास झगडून सगळं उपसण्यापेक्षा जाणकाराला दाखवा.

तुमच्या बेसवर टेक्निशियनला पैसे द्यायचेच असतील तर सेटअपसाठी द्या. मानेचा बाक, नटच्या (मानेच्या वरच्या टोकाच्या पट्टीच्या) खाचा, उंचसखल पडदे, यासाठी अनुभवी हात लागतो आणि त्याने वाजवण्यात पडणारा फरक पिकअपपेक्षा लवकर कळतो. आधी फोनवर विचारा: ३,००० मध्ये सेटअप धरलाय का, जुने पिकअप परत मिळणार का, काम झाल्यावर मोजलेले ओहम लिहून देणार का. सेटअपसकट तीन हजार असतील तर तो भाव वाजवी आहे आणि मग पिकअपही त्यांच्याचकडून बसवून घ्या, माझी काही हरकत नाही. फक्त चार जोडांचे असतील तर नको.

तीन आठवड्यांची आखणी अशी करा. या आठवड्यात तारा, उंची आणि घूंची चाचणी. पिकअप बदलायचेच ठरले तर पुढच्या शनिवारी सकाळी काम काढा, संध्याकाळी नको. दिवसा काही लागलं तर दुकानं उघडी असतात. त्यानंतर निदान दोन तालमी त्याच बेसवर, कार्यक्रमाच्याच आवाजात करा, कारण कच्चा जोड असेल तर तो हादऱ्यानेच सुटतो. कार्यक्रमाच्या आधीच्या आठवड्यात पिकअप हाती आले, तर ते खोक्यातच राहू द्या. तारा सैल करून परत ताणल्या की मान जरा हलते, म्हणून उंचीचं शेवटचं माप दुसऱ्या दिवशी, सूर परत जुळवून झाल्यावर घ्या. झाकण लावण्याआधी नव्या जोडांचेही फोटो काढून ठेवा, आणि ओहमचे आकडे लिहिलेला कागद घडी करून बेसच्या खोक्यात ठेवा.